माहेरच्या नावाचं खातं

"हात ढिला सोड की गं, लाकूड केलंयस नुसतं," मी म्हणाले, तशी हौसानं मूठ आणखीनच आवळली.

दारात तिचा नवरा महिपती उभा होता. मार्केट यार्डात हळदीची पोती तोलायचं त्याचं काम. पोत्यांसारखंच माणसांनाही नजरेनं तोलत उभं राहायची त्याला सवय होती. मी हौसाचा पंजा माझ्या पंजात घेतला, अंगठ्याकडून दाबत आणला आणि हिरवी बांगडी सांध्यावरून अलगद मनगटात सोडली. तेवढ्यात तिच्या मुठीतली नोटांची घडी माझ्या मुठीत आली. महिपतीला दिसली ती बांगडी.

"लई कडक हात हाय तुमच्या बायकुचा," मी म्हणाले.

"कडकच बरा," तो हसला. "पैसा गळत न्हाई."

मीही हसले. आतल्या खोलीतून त्यांची अलका पुस्तकातनं मान वर काढून आमच्याकडं बघत होती. तिला सगळं ठाऊक होतं, तिच्यासाठीच तर चाललं होतं ते. दहावीनंतर पोरीला मिरजेला नर्सिंगला घालायचं, हा हौसाचा ध्यास. महिपतीनं मात्र आपल्या मावसबहिणीच्या घरी शब्द टाकून ठेवला होता. "पोरगी दहावी झाली की उडवून टाकायचा बार," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा.

मी गोदावरी. जातीनं कासार, सातवी पास, ऐन उमेदीत विधवा झालेली. स्वतःच्या हातात बांगडी नाही आणि गावच्या हातात बांगड्या भरते, म्हणून बायका मला हसायच्या आणि मी त्यांना. पण बांगड्यांची पेटी हा माझा अर्धाच धंदा होता. उरलेला अर्धा म्हणजे पाठराखीण महिला पतसंस्थेची पिग्मी गोळा करणं. घरोघर जायचं, बाईनं वाचवलेलं किडूकमिडूक घ्यायचं आणि संस्थेत नेऊन भरायचं. दुसरी कुणी एजंट दारात आली असती तर सासवांनी झाडू उगारला असता. कासारणीला कोण अडवणार? सवाष्णीच्या हातातली काच पिचली तर ती बदलायलाच हवी, आणि राबणाऱ्या बाईची काच रोज पिचते.

ही युक्ती प्रमिलाताई आवटे यांची. त्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, संस्थेच्या अध्यक्ष. कडक इस्त्रीचं पातळ, कडक बोलणं आणि आत लोण्यासारखं मन, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगायची. त्यांची दुसरी युक्ती याहून भारी. संस्थेत प्रत्येक बाईचं खातं तिच्या माहेरच्या नावानं निघायचं. हौसाबाई महिपती कोळेकर ही संस्थेच्या लेखी नव्हतीच. होती ती हौसा बाळू मगदूम. एखादा नवरा दारू पिऊन खिडकीवर यायचा, "माझ्या बायकुचं खातं हाय का हितं?" म्हणून ओरडायचा. मग प्रमिलाताई त्याच्यासमोर सगळी नावं शोधायच्या आणि शांतपणे म्हणायच्या, "या नावाचं कुणी नाही हो." यात खोटं काही नव्हतं. नवरा शिव्या देत परत जायचा आणि आम्ही आत तोंडाला पदर लावायचो.

प्रमिलाताईंनी बायकांना सहीही तीच शिकवली. हौसा रोज हळदीच्या गोदामातून सुटली की तासभर पाटीवर गिरवायची. हातापायाला, नखांना हळद. तिच्या नोटाही पिवळ्या. आमची कॅशियर म्हणायची, "आली बघा हौसाची लक्ष्मी, नाव विचारायला नको." ज्या दिवशी पहिल्यांदा न अडखळता हौसा बाळू मगदूम अशी सही जमली, त्या दिवशी तिनं मला जिलेबी खाऊ घातली. म्हणाली, "मावशी, लगीन झाल्यापास्नं बापाचं नाव कुणी घेतलंच न्हवतं बगा."

सगळं बरं चाललं होतं. मग प्रमिलाताईंच्या मनात बँक काढायचं आलं.

त्यात चूक काही नव्हती, हे मी आजही म्हणते. आसपासच्या दोन पतसंस्था बुडाल्या होत्या, बायका ऊर बडवत रस्त्यावर आल्या होत्या. बँकेचा परवाना मिळाला की वर कुणीतरी बघणारं असतं, ठेवीला विम्याचं कवच असतं, धंद्याला मोठं कर्ज देता येतं. प्रमिलाताईंनी रिझर्व्ह बँकेकडे अर्ज केला. अर्जासाठी चष्म्याची काच जाड झाली त्यांची. पण अर्ज म्हणजे नुसता अर्ज नसतो, त्यामागं शेपूट असतं. सभासदांची नावं रेशनकार्डाप्रमाणं हवीत, पतीचं नाव आणि पत्ता हवा, आणि ती यादी कुणाची हरकत असेल तर कळावी म्हणून बाहेरच्या फळ्यावर लावायला हवी.

"ताई, ह्ये न्हाई जमायचं," मी म्हणाले.

"का नाही जमायचं?"

"बायकांनी चोरून ठिवलेलं तुम्ही चव्हाट्यावर मांडायला निघालाय."

"चोरून का म्हणून, गोदाबाई? स्वतःचे कष्टाचे पैसे. किती दिवस बांगड्यांच्या आडून भरायचे? कधीतरी उघड व्हायलाच हवं ना?"

"तुमी उघड व्हाल. तुमचं मालक सोन्यासारखं हुतं, आनी आता ते फोटोत हायती. त्यांचं काय, ज्यांचं मालक घरात हायती?"

त्यांना ते लागलं. चष्मा काढून पुसत बसल्या. मग म्हणाल्या, "गावातला कोण पुरुष बायकांच्या संस्थेचा फळा वाचायला येतोय? ठेवीचा आकडा तर नाहीच त्यात, नुसती नावं. आठवडाभर राहील, मग काढून टाकू."

इथं बाई चुकल्या. आयुष्यभर पोरांना शिकवलं, पण बाप्यांची जात त्यांना कळली नव्हती. यादी लागली आणि दुसऱ्या दिवशी यार्डातला एक हमाल सगळ्यांना सांगत सुटला, "अरं, माझं नाव छापून आलंय!" पतीचं नाव असा रकाना होता ना. झालं, मतदारयादीवर तुटून पडावं तसे बाप्ये फळ्यावर तुटून पडले. आपलं नाव छापील बघायची हौस कुणाला नसते? जो तो बोट फिरवून स्वतःचं नाव शोधायचा, सापडलं की खूश व्हायचा, आणि मग त्याचं बोट डावीकडं सरकायचं, बायकोच्या नावाकडं.

त्या आठवड्यात मी ज्या ज्या घरी गेले तिथं दार लागलेलं. एकीचा गाल सुजलेला, एकीची शिलाई मशीन विकलेली. एक म्हातारी मला जिन्यावरून ओरडली, "तू कासारीण न्हवं, चोरटी हायस." पेटी घेऊन परतताना मी प्रमिलाताईंना सांगत होते आणि त्या "होईल, शांत होईल" म्हणत होत्या. मुंबईहून तपासणीला साहेब यायचे होते. त्यांचं सगळं लक्ष तिकडं होतं.

साहेब आले त्याच दिवशी महिपती हौसाला घेऊन संस्थेत आला.

साहेब भला माणूस होता, उगाच कुणाचं पाप त्याच्या माथी मारणार नाही. समोरच्या टेबलावर एकेक सभासदाचं नाव आणि कागद जुळवून बघत बसला होता. शेजारी प्रमिलाताई. मी भिंतीजवळ, कारण एजंटांनाही काही विचारायचं होतं. महिपतीनं हौसाला दंडाला धरून खिडकीशी आणलं.

"हिचं समदं पैसं काढायचं हायती," तो म्हणाला. आवाज तोलून मापून, यार्डात असतो तसा. "फळ्यावर नाव हाय. कोळेकर."

कॅशियरनं प्रमिलाताईंकडं बघितलं. हौसानं पदर कपाळावर ओढला. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं, आणि मग बोलली.

"ती मी न्हवं."

"काय?" महिपती म्हणाला.

"ती मी न्हवं. माझं खातं न्हाई हितं. कोळेकर का एकच हायती व्हय गावात? दुसऱ्या कुनाचं तरी असंल."

साहेबांनी मान वर केली. त्यांच्यापुढच्या यादीत हौसाबाई महिपती कोळेकर असं स्वच्छ लिहिलेलं होतं, आणि समोर उभी बाई म्हणत होती की मी ती नव्हे. त्यांच्या दृष्टीनं याचा अर्थ एकच. संस्थेत खोट्या नावानं खाती आहेत.

"हा काय प्रकार आहे, मॅडम?" ते प्रमिलाताईंना म्हणाले. "या बाई खातेदार आहेत की नाहीत?"

प्रमिलाताई पुढ्यातले कागद चाळू लागल्या. साहेब माझ्याकडं वळले. "या भागाची वसुली तुम्ही करता ना? तुम्ही ओळखता यांना?"

हौसाचा हात मी किती वर्षं धरत आले होते. मी म्हणाले, "बांगड्या भरते तिला, तेवढीच वळख. पिग्मी न्हाई घेत तिची. ती हौसा येगळी, साहेब. ती अंगानं थोराड हाय, मळ्यात ऱ्हाती."

धडधडीत खोटं बोलले, आणि मला त्याची कधी लाज वाटली नाही. महिपतीच्या कपाळावर आठी आली. तो चक्रावला होता. अजून एक माणूस नाही म्हणाला असता, तर तो बायकोला घेऊन तसाच परत गेला असता. रागानं, बडबडत, पण गेला असता. ते मला दिसत होतं, हौसाला दिसत होतं, आणि प्रमिलाताईंनाही दिसत होतं. तो माणूस म्हणजे त्याच होत्या. खिडकीत उभं राहून "या नावाचं कुणी नाही हो" हे वाक्य त्यांनी किती नवऱ्यांना सांगितलं होतं! जिभेवर घोटून बसलेलं वाक्य होतं ते.

साहेब पेन उघडून थांबले होते.

प्रमिलाताईंनी हौसाकडं बघितलं नाही. कागदाकडं बघत म्हणाल्या, "गोदाबाईंची काहीतरी गल्लत होतेय, साहेब. वय झालंय. याच त्या. या आमच्याच खातेदार आहेत."

हौसा हलली नाही की रडली नाही. कॅशियरनं पैसे काढायची स्लिप पुढं केली, तिनं पेन घेतलं आणि सही केली. सुंदर सही, हौसा बाळू मगदूम.

"ही नाही चालणार आता," कॅशियर हळूच म्हणाली. "रेशनकार्डावरच्या नावाप्रमाणं पाहिजे. कोळेकर अशी."

"ती येत न्हाई मला," हौसा म्हणाली.

मग तिचा अंगठा घेतला. ज्या बाईंनी हात धरून तिला अक्षरं शिकवली, त्या बाईंनीच शाईचं पॅड पुढं सरकवलं. पिवळा अंगठा निळा झाला. महिपतीनं नोटा मोजून घेतल्या, कोऱ्या करकरीत बंडलातल्या. हौसाच्या पिवळ्या नोटा कुठल्या कुठं गेल्या होत्या. जाताना तो दारात थांबून प्रमिलाताईंना म्हणाला, "बरं झालं बाई, तुमी खरं बोललासा. न्हाईतर ह्या दोघींनी मला चार मानसांत येड्यात काढलं हुतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मला बोलावणं आलं ते बांगड्या भरायला.

हौसा रात्री पाण्याला उठली आणि पाय घसरून पाट्यावर पडली, असं महिपतीनं सांगितलं होतं. त्याच्या आईनं तेच सांगितलं. पोलीस येऊन गेले, त्यांनीही तेच लिहून घेतलं. नवऱ्याआधी गेली म्हणून बायका तिला भाग्याची म्हणत होत्या. हिरवं लुगडं नेसवलं होतं, मळवट भरला होता. सवाष्ण बाई हिरव्या चुड्याशिवाय सरणावर जात नाही. तिचे हात ओकेबोके होते, काचा सगळ्या आदल्या रात्रीच फुटल्या होत्या.

मी पेटी उघडली. हौसाचं माप मला तोंडपाठ, सव्वादोन. मी पंजा हातात घेतला, सवयीनं अंगठ्याकडून दाबला. बांगडी सांध्यावर अडली. पुन्हा जोर लावला, पुन्हा अडली. मनगटापासून बोटांपर्यंत हात टरटरून सुजला होता, काळानिळा. पडलेल्या बाईचं डोकं फुटेल, एक हात मोडेल. दोन्ही पंजे असे सुजतात ते कुणीतरी पायाखाली तुडवल्यावर. सही करणारे पंजे होते ते.

"अडीचच्या लागतील," मी मोठ्यानं म्हणाले, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून. "रातोरात हाताचं माप वाढलं बगा हिच्या."

बायकांनी माना खाली घातल्या. महिपती पुढं आला आणि माझ्यासमोर एक नोट धरली, करकरीत.

"शेवटच्या चुड्याचं पैसं आमी घेत न्हाई," मी म्हणाले. तो नोट खिशात घालून तिरडी बांधायला गेला. कोपऱ्यात अलका भिंतीला टेकून बसली होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती माझ्या हातांकडं बघत होती.

मी तशीच संस्थेत गेले. प्रमिलाताईंना कळलं होतं. त्यांचे डोळे सुजले होते, खोटं कशाला सांगू.

"मला काय माहीत असं होईल?" त्या म्हणाल्या. "गोदाबाई, मी सगळ्या बायकांचा विचार केला हो. खोटं बोलले असते तर अर्ज तिथंच गेला असता. मग सगळ्यांचंच नुकसान."

"त्या सगळ्यांत हौसा हुती का न्हवती, ताई?"

त्यांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. मी पिग्मीची पिशवी त्यांच्या टेबलावर ठेवली आणि निघाले. परत त्या पायऱ्या चढले नाही. पोटाला बांगड्या होत्या.

परवाना मिळाला. पेपरात आलं, पेढे वाटले, मंत्री येऊन फीत कापून गेले. बँक चांगली चालली, आजही चालते. कितीतरी बायकांची घरं तिनं उभी केली, तेही खरंच आहे. परवा माझी भाची मोबाइलवर काहीतरी शोधत होती. म्हणाली, "मावशे, तुझ्या बँकेच्या परवान्याचा जुना निर्णय सापडला बघ. आता सगळं उघडं असतं, कुणालाही वाचता येतं." मी म्हटलं वाच. अर्ज कधी आला, तपासणी कधी झाली, सगळं शिस्तीत होतं. सभासद यादी प्रसिद्ध केली, असं होतं. त्याखाली होतं, हरकती निरंक. पुढं, अर्ज मंजूर.

"निरंक म्हणजे काय गं?" भाचीनं विचारलं.

"एकही न्हाई," मी म्हणाले. तिनं पान पुढं सरकवलं.

हे इथंच संपलं असतं तर मी गप्प बसले असते. पण घरात मयत झालं की वर्षाच्या आत लग्न उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, अशी आमच्याकडं रीत आहे. महिपती थांबणारा नव्हता. हौसा गेली त्याच वर्षी अलकाची दहावीची परीक्षा झाली, निकाल लागायच्या आत मांडव पडला. हळदीच्या दिवशी चुडा भरायला मला बोलावलं. जायचं नव्हतं मला. पण दुसरीच्या हातून तिच्या हातात काच चढणार, हेही सोसवेना, म्हणून गेले.

नुकतीच हळद लागून पोरगी पाटावर बसली होती. कपाळ, मान, हात सगळं पिवळंधमक. दारात महिपती उभा, पाहुण्यांना पान देत. मी अलकाचा पंजा हातात घेतला. सव्वादोन, आईचंच माप. मी दाबला, तर तिनं मूठ आवळली.

"हात ढिला सोड गं बाळा," मी म्हणाले.

तिनं सोडला नाही. मी वर बघितलं. ती माझ्याकडं बघत नव्हती, दारातल्या बापाकडं बघत होती, चेहरा अगदी कोरा. मी बांगडी सांध्यावरून आत सोडली, आणि तिच्या मुठीतली घडी माझ्या मुठीत आली. आहेरात आलेली नोट असावी. हळदीनं ओली, पिवळी झालेली.

"आईच्या खात्यात घाला," ओठ न हलवता ती पुटपुटली. "तिच्या माहेरच्या नावाच्या."

त्या नावाचं खातं आता कुठंच नव्हतं. बँकेत फक्त रेशनकार्डाप्रमाणं नावं होती, आणि उद्यापासून या पोरीचंही नाव रेशनकार्डाप्रमाणं होणार होतं. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. मला सांगता आलं असतं.

"झालं का गं?" महिपतीनं दारातनं विचारलं. "लई येळ लावतीस."

"झालं," मी म्हणाले आणि मूठ मिटून घेतली. "आईसारखाच कडक हात हाय पोरीचा."